मऊ दगडाचा ओटा

सोमवार, ३ मार्च

राजीनामा दिला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे पाव विकणार?" मी म्हटलं, "हो, आणि बिस्किटंसुद्धा." त्यांना हसावं की समजूत घालावी ते कळेना. इतकी वर्षं टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेतल्या. आता माझ्या पावाबद्दल कुणी तक्रार केली तर ती निदान माझी स्वतःची असेल.

मावशीला हे सांगितलं तर ती नुसतं "बरं" म्हणाली आणि कितीतरी वेळ हात पुसत राहिली. तिने आयुष्यभर एका वसतिगृहाच्या भटारखान्यात पाव भाजले. आई गेल्यावर मी तिच्याकडेच वाढले. माझ्या अंगाला साबणाआधी पिठाचा वास लागला असं ती म्हणते. 'माय मरो पण मावशी जगो' असं लोक गमतीने म्हणतात. मी ते कधी म्हणत नाही, कारण माझ्या बाबतीत ते खरोखर तसंच झालं.

आमच्या घराची रस्त्याकडची खोली मिळाली आहे. तिथे आधी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, भिंतींना अजून वंगणाचा वास आहे. भट्टी ठरली आहे. आता ओटा. मावशीचं म्हणणं, भट्टी कशीही चालेल, ओटा मात्र मनासारखा हवा. पाव ओट्यावर होतो, भट्टीत नुसता फुगतो.

रविवार, ९ मार्च

दगडांच्या वखारीत गेलो. मी, मावशी आणि नवरा. नवरा फक्त गाडी चालवायला आलो म्हणाला आणि मग प्रत्येक लादीला टकटक करून बघत होता, जणू कलिंगडं आणायला आलाय.

ग्रॅनाइटच्या लाद्या ओळीने उभ्या होत्या. काळ्या ग्रॅनाइटमध्ये मी केस सारखे करून घेतले, इतका चकचकीत. मावशी म्हणाली, "हा नको. डोळ्यांवर येतो." तिला भपका कधीच आवडत नाही. संगमरवर दाखवला तर म्हणाली, "पांढऱ्यावर पांढरं पीठ मळायचं? छे."

पुढे ती एकटीच लाद्यांवरून हात फिरवत चालत राहिली आणि मागच्या रांगेत थांबली. राखाडी रंगाची, निस्तेज, फळ्यावर ओलं फडकं फिरवून वाळल्यावर दिसतो तशी लादी. "हा कोणता?"

दगडवाला आला. बुटका, गोल, तोंडात बडीशेप. "सोपस्टोन. साध्या भाषेत संगजिरं. बाई, मी विकायला बसलोय, पण याचे दोष आधी सांगतो. नंतर येऊन भांडाल, त्यापेक्षा आत्ताच भांडून घ्या."

मग त्याने सांगितलं. दगड मऊ, सुरीचा ओरखडा लगेच उठतो. कड आपटली तर टवका उडतो. रंग राखाडी नाहीतर काळा, तिसरा मागायचा नाही. लाद्या लहान निघतात, म्हणजे लांब ओट्याला मध्ये जोड येणार. तेल लावलं की काळा होतो, पण पाणी आणि साबण लागेल तिथलं तेल आधी उडतं, मग चट्टेपट्टे दिसतात, म्हणजे पुन्हा लावा.

"आणि गुण?" नवऱ्याने विचारलं.

"गुणांचा पुतळा आहे. भट्टीतला पत्रा सरळ यावर ठेवा, काही होत नाही. लिंबू पिळा, व्हिनेगर सांडा, डाग नाही. आत काही मुरतच नाही, त्यामुळे वरून कसला लेप लावायला नको. थंड असतो, म्हणून कणीक चिकटत नाही."

त्याने खिशातून किल्ली काढून कोपऱ्यावर रेघ ओढून दाखवली. पांढरी, स्वच्छ. मावशीने त्या रेघेवर अंगठा ठेवला, मागेपुढे फिरवला. "लागते हाताला," ती म्हणाली. मग तिचा चेहराच उजळला. "हाच घ्यायचा."

दगडवाला म्हणाला, "बाई, मी दोष दाखवत होतो." मावशी म्हणाली, "बघितला."

माणसाला एखादी वस्तू का आवडते याला काही नेम नाही.

मंगळवार, ११ मार्च

वखारीतून तुकडे आणले होते, घरी परीक्षा घेतली. संगमरवरावर आणि संगजिऱ्यावर लिंबाच्या फोडी पालथ्या ठेवल्या. संध्याकाळी उचलल्या तर संगमरवरावर फोडीचा मळका छाप पडला होता, संगजिऱ्यावर ढिम्म काही नाही. मग चुलीवरची तापलेली कढई त्यावर ठेवली. काही नाही. हात लावला तर दगड नुसता कोमट झालेला, आणि तो कितीतरी वेळ कोमटच राहिला.

नवऱ्याने कुठेतरी वाचलं की अंगाला लावायची पावडर याच दगडाच्या भुकटीची होते. तेव्हापासून तो येता जाता विचारतो, "ओट्याला पावडर लावून झाली का? बाहेर कधी नेणार त्याला?"

शनिवार, २२ मार्च

ओटा बसला.

दोन लाद्या, चार माणसं, आणि दारातून वळताना सगळ्यांचे चेहरे असे की जणू आजारी माणसाला जिन्यावरून उतरवतायत. एवढं जपूनही चौकटीला आपटून एका कोपऱ्याचा टवका उडालाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दगडवाल्याने मशीन लावून तो कोपरा गोल केला आणि मग मावशीने सगळेच कोपरे तसे करून घेतले. "कमरेला लागत नाहीत," म्हणाली. खरंय, अलीकडे ती सारखी कशाला ना कशाला धडकते. घाईच फार तिला.

जोड कुठे येणार यावरून तिने दगडवाल्याला भंडावून सोडलं. तो म्हणत होता मधोमध छान दिसेल. मावशी म्हणे, "दिसण्याचं राहू दे. भट्टी संपते तिथे जोड हवा. डावीकडे गरम, उजवीकडे गार." शेवटी तिचंच झालं. माझी मावशी म्हणजे मावशी.

रविवार, २३ मार्च

औषधाच्या दुकानात पातळ पॅराफिन मागितलं. खाण्याचं तेल ओट्याला चालत नाही, ते खवट होतं आणि चिकट बसतं. हे होत नाही. मी सहा बाटल्या मागितल्यावर औषधवाला पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, "ताई, घरात कुणाला फारच त्रास आहे का? हे पोट साफ व्हायला चमचाभर पुरतं." मी म्हटलं, "ओट्याला द्यायचंय." त्यावर तो जे गप्प झाला ते पैसे घेईपर्यंत.

तेल लावलं आणि काय सांगू. फडक्याखाली दगड बदलत गेला. राखाडीतून काळा, काळ्यात किंचित हिरवट झाक, आणि मध्येच ढगातून वीज गेल्यासारख्या पांढऱ्या शिरा. थोडा वेळ तसंच राहू दिलं, मग उरलेलं पुसून घेतलं. मी बघतच राहिले. वळून मावशीला हाक मारली तर ती मोरीपाशी पाठमोरी उभी, मान वर करून, आणि वळली तेव्हा डोळे ओले. गालावर ओघळ. मला बघून पदराने घाईघाईने पुसले. इतका आनंद तिला झालेला मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

"अजून एक हात मार तेलाचा," ती म्हणाली. "जितका काळा होईल तितका बरा."

सोमवार, ३१ मार्च

रोज भट्टी लावतोय. पाव, बिस्किटं, दालचिनीचे वळसे. मावशीचे हात म्हणजे काय आहेत. ती बघतही नाही, तोंड माझ्याकडे, गप्पा चालू, आणि हाताखाली गोळे एकसारखे पडत राहतात. कृतीची वही मात्र मलाच वाचायला लावते. "तू वाच, मी हात चालवते. तेवढीच तुझी शिकवणी." संध्याकाळ व्हायला लागली की लगबगीने घरी जायला निघते. मी सोडायला येते म्हटलं तर चिडते. "दोन गल्ल्या तर आहेत. मी काय पार्सल आहे?"

ओट्यावर कणीक खरंच चिकटत नाही. पत्रे थेट भट्टीतून दगडावर. दिवस संपला की कोमट पाणी, थोडा साबण, फडकं, झालं. मी प्रेमात आहे. नवरा म्हणतो, "कुणाच्या ते विचारत नाही."

शुक्रवार, ४ एप्रिल

ओट्यावर ओरखडे पडलेत.

पडणार हे माहीत होतं, पण हे सुरीचे सहज लागलेले नाहीत. पिठाच्या डब्यासमोर तीन. मिठापाशी एक, साखरेपाशी दोन. कडेपासून वीतभर आत एक लांब रेघ. काळ्या दगडावर पांढऱ्याफटक. मावशीला विचारलं तर म्हणाली, "मऊ दगड आहे, उठणारच."

"अगं पण इतके?"

"तुझा नवरा दाढी करतो तेव्हा त्याला लागत नाही का कधी?"

मला वाटतं ती पत्र्याच्या टोकाने पीठ गोळा करते तेव्हा होत असणार. उद्घाटनाला लोक येतील, ओटा रस्त्यावरून दिसतो. मला वाईट वाटतंय आणि तिला काही बोलवतही नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

दगडवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "अहो, त्यात काय. बारीक काचपेपर घ्या, पाणी घाला, गोल गोल घासा. मग तेल. कुणाला सांगितलंत तरी खरं वाटणार नाही."

मावशी आज लवकर गेली, तेव्हा केलं. करड्या पाण्याचा चिखल होतो, बोटं साबण लागल्यासारखी बुळबुळीत होतात, आणि पुसलं की खाली काही नाही. ग्रॅनाइटला एकदा लागलं की ते जन्मभर. हा दगड काही मनात ठेवत नाही. सगळ्या रेघा गेल्या. वरून तेलाचे दोन हात मारले. आरशासारखा नाही, पण शांत पाण्यासारखा दिसतोय. उद्या मावशीला दाखवायची मला इतकी घाई झालीय की आत्ताच जाऊन तिला उठवावंसं वाटतंय.

बुधवार, ९ एप्रिल

काय झालं तेच कळत नाही.

मावशी आली, पदर खोचला, ओट्यावर हात ठेवला. हात पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मी हसत उभी होते. म्हटलं, "कसा झालाय?"

"काय केलंस?"

"ओरखडे काढले. सगळे."

ती कामाला लागली, पण आज तिचा हातच बसत नव्हता. पिठाचा डबा पाडला. मग ओट्यावर तापलेला पत्रा होता त्याच्यावरच पंजा टेकला. मी धावले, नळाखाली हात धरला, तर तिने तो सोडवून घेतला. "एवढं काही झालेलं नाही."

बिस्किटं नवऱ्याबरोबर त्याच्या ऑफिसात पाठवली होती, तेवढीच जाहिरात. तो दुपारीच भरलेला डबा परत घेऊन आला. "सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच त्यांचं काहीतरी वाईट केलंय." मी एक खाल्लं. साखरेच्या जागी मीठ.

मावशीला सांगितलं तर तिने पदर सोडला, चपला घातल्या. "उद्यापासून मी येणार नाही. तुला जमेल सगळं."

ओटा स्वच्छ केला म्हणून इतका राग? मी तिच्या कामाला नावं ठेवली असं वाटलं असेल का?

शनिवार, १२ एप्रिल

ती काल आली नाही, परवा आली नाही. आज मीच गेले.

दार उघडंच होतं. ती अंघोळीला गेली होती. म्हटलं तोवर चहा टाकावा. फळीवरचा पहिला डबा काढला तर त्याला एक रबरबँड. दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला तीन. मीठ, साखर, चहा. गॅसच्या बटणावर मेणाचा ठिपका. खिडकीत डोळ्यांत घालायच्या औषधाची छोटी बाटली, अर्धी संपलेली.

मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. तीन रेघा, दोन रेघा, एक. वीतभर आत लांब रेघ. मोरीपाशी वर केलेली मान.

ती बाहेर आली, मला बघितलं, किंवा मी आहे हे तिला कळलं.

"चहा टाकलास का?"

"कधीपासून आहे हे, मावशी?"

ती खाटेवर बसली. "काचबिंदू आहे. दीड-दोन वर्षं झाली असतील. कडेकडेचं जातंय. समोरचं आहे अजून, नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. राहिलेलं थेंबांनी राखायचं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू मला खुर्चीत बसवलं असतंस. वरून पंखा लावला असतास. आणि दर बॅचचं एक बिस्किट चाखायला दिलं असतंस."

"मी नोकरी सोडली, मावशी."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. "तू सोडली नसतीस."

मी चहा न घेता निघून आले. गॅस तेवढा बंद केला.

रविवार, १३ एप्रिल

राग उतरत नाही. खोटं कशाला लिहू, आज साहेबांना फोन लावून जागा भरली का विचारायचंही मनात आलं. उद्या तिला काहीच दिसेनासं झालं तर मी एकटी काय करणार आहे? मला चौकोनी पाव धड काढता येत नाही.

नवऱ्याशी बोलले. तो नेहमीसारखी थट्टा करेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "दगडवाल्याने दोष आधी सांगितले, मावशींनी नाही सांगितले. त्याचा तुला राग आलाय."

"मग येऊ नये?"

"यावा की. पण सांगितले असते तर तू त्यांना घेतलं असतंस का?"

नसतं घेतलं. मायेने, काळजीने, गोड बोलून बाहेरच ठेवलं असतं, आणि वर स्वतःला फार चांगली समजले असते. या सगळ्या दिवसांत जे पाव आम्ही खाल्ले, वाटले, ज्यांच्यासाठी शेजारी दार वाजवायला लागले, ते सगळे याच डोळ्यांनी आणि याच हातांनी झालेत. खारट बिस्किटांचा दिवस एकच, आणि तो माझा आहे.

सोमवार, १४ एप्रिल

सकाळीच तिच्याकडे गेले. म्हटलं, "चल. रेघा परत काढायच्यात."

ती म्हणाली, "आधी रागव नीट. परवा अर्धवट सोडून गेलीस."

मग मी रागावले. बऱ्यापैकी रडलेसुद्धा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी माझ्या अटी विचारल्या. डॉक्टरांकडे पुढच्या वेळी दोघी. संध्याकाळी मी सोडायला येणार. काहीही झाकायचं नाही. तिने मान हलवली. मग म्हणाली, "आता माझी एकच. रोज एक बॅच तू मळायचीस. डोळे मिटून. मी असताना शीक, म्हणजे नंतर मला आठवत बसावं लागणार नाही तुला."

बोलली इतक्या सहज की मला हो म्हणायला वेळच मिळाला नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

किती दिवसांनी इतकं हसलो.

स्क्रूड्रायव्हर आणि पट्टी घेऊन बसले. मावशीने एकेक जागा बोट ठेवून दाखवली. यावेळी चोरून मारलेल्या रेघा नाहीत, चांगल्या खोल, अंगठा बसेल अशा खाचा. दगड लोण्यासारखा कापला जातो, भुगा पावडरीसारखा उडतो. नवरा म्हणाला, "एवढी वाया जातेय, बगलेत लावू का?" कडेपासून वीतभर आत लांब खाच, म्हणजे भांडं अर्धवट बाहेर राहत नाही. तापलेले पत्रे जोडाच्या डावीकडेच, एकही अपवाद नाही. खाचांत मुद्दाम तेल लावलं नाही, त्या फिकट राहिल्या, काळ्यावर तिला समोरून दिसतातही. तेव्हाच तिने सांगितलं की चकचकीत ग्रॅनाइटवर तिला नुसता उजेडच दिसत होता. आणि काळ्या दगडावर पांढरी कणीक तिला अगदी स्पष्ट दिसते. मी म्हटलं, "आणि मला वाटलं तुला भपका आवडत नाही."

"मला फार आवडतो," ती म्हणाली. "तुझ्या लग्नात माझी साडी विसरलीस का?"

मग मी डोळे मिटून मळलं. कणीक कधी 'झाली' ते हाताला कळतं म्हणतात. मला नाही कळलं. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "थांब. आता. आता ओढ जरा." आणि खरंच, क्षणापूर्वी जी तुटत होती ती ताणली गेली. पुन्हा डोळे उघडावेसेच वाटेनात.

रविवार, २० एप्रिल

दुकान उघडलं.

फळीवर पाव रचले, बिस्किटं काचेखाली. भट्टीचा वास रस्त्यापर्यंत गेला आणि दार उघडायच्या आधीच माणसं उभी. पहिल्या काही मिनिटांत एवढी गर्दी झाली की मी घाबरले. सगळे एकदम बोलत होते, डावीकडून, उजवीकडून हात पुढे येत होते. मावशी ओट्यामागे उभी होती. तिच्या बाजूला एक बाई केव्हाची पैसे पुढे करून उभी होती आणि मावशीला ती दिसतच नव्हती. त्या बाईचा चेहरा पडायला लागला. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं.

तेवढ्यात मावशीने ओट्यावर थाप मारली. सगळे गप्प.

"हे बघा," ती म्हणाली, अगदी भाव सांगावा तशा आवाजात. "मला कडेचं दिसत नाही. कुणाकडे दुर्लक्ष केलं तर शिष्ट समजू नका. ज्याला पाव हवा त्याने माझ्या समोर येऊन बोलायचं. गरम आहे तोवर."

मग ती बाई सरकून बरोबर तिच्या समोर आली आणि म्हणाली, "आले हो समोर. दोन द्या." तिच्या मागे दुसरा माणूस, त्याच्या मागे तिसरा. बघता बघता दारातून रस्त्यावर सरळ रांग लागली, कुणी न सांगता. माझा नवरा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला, म्हणे घरच्यांना वशिला नको.

मी मळलेले चार पाव होते, जरा एका अंगाला कललेले. मी ते मागे ठेवले होते. मावशीने हात फिरवून शोधून काढले आणि सगळ्यांच्या पुढे मांडले. "हा हिचा आहे," ती एका म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाली. "वाकडा आहे. पण आतून चांगला आहे, मी दाबून बघितलाय." त्यांनी तोच घेतला.

दुपारपर्यंत सगळं संपलं. आम्हा दोघींना खायला पत्र्याला चिकटलेल्या करपलेल्या कडा तेवढ्या उरल्या, त्या ओट्याला टेकून उभ्यानेच खाल्ल्या. मावशी म्हणाली, "उद्या दुप्पट मळायचं. अर्धं तू."

मी हो म्हणाले.